सत्तर रुपये का वारले?

परवा घाटकोपर स्टेशनच्या पुलावर माझ्या पुढे कॉलेजची दोन मुलं चालली होती. एकाने उसने दिलेले पैसे मागितले. दुसरा मागे वळूनही न बघता म्हणाला, 'ते वारले.' दोघंही हसले. आता 'अशी ही बनवाबनवी' आला १९८८ साली, या पोरांच्या जन्माच्या कितीतरी आधी. पण मीम बघणाऱ्याला सिनेमा बघितलेला असावाच लागतो असं नाही.

यातली गंमत त्या क्रियापदात आहे. आपल्याकडे पैसे बुडतात आणि माणसं वारतात. 'वारले' म्हणताना आपला आवाजसुद्धा खाली येतो, हो की नाही? घरमालकाने औषध मागवायला सत्तर रुपये दिलेत. ज्याच्याकडून औषध यायचं तो मित्र वारला, असं धनंजय माने सांगतो. मग माझे पैसे? तेही वारले! आता मयताच्या घरी हिशेब कोण मागणार? वसंत सबनीसांचे संवाद आहेत हे. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणारा माणूस. एका शब्दाने समोरच्याचं तोंड कसं बंद करायचं ते त्यांना ठाऊक होतं.

दुसरं मीम, 'हा माझा बायको'. हे हिंदीत किंवा इंग्रजीत करून दाखवा बरं! इंग्रजीत तर 'माझा' आणि 'माझी' हा फरकच नाही. हिंदीत जमेल, पण 'बायको' या शब्दाचा घरगुती ठसका येणार नाही. साडीतला परशा समोर उभा आहे, धनंजय खोटं बोलतोय आणि नेमकं व्याकरण खरं बोलून जातं.

इथपर्यंत कौतुक. आता तक्रार. मीममध्ये अशोक सराफांचा चेहरा उरतो आणि त्या चेहऱ्यामागची भीती कापली जाते. चौघांना राहायला जागा नाही, आणि लीलाबाई काळभोर जागा देणार ती जोडप्यांनाच. सगळी बनवाबनवी एवढ्यासाठी. मूळ हिंदी सिनेमा १९६६चा, हृषीकेश मुखर्जींचा. त्याचं नावच 'बीवी और मकान'. मराठी नावातून मकान गेलं आणि मीममधून तर अख्खी खोलीच गेली. 'धनंजय माने इथेच राहतात का?' हे आपण कुणालाही, कशावरही पाठवतो. अहो, तो पत्ता विचारणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे!

माझ्या भाच्याला गेल्या वर्षी अंधेरीत भाड्याने खोली हवी होती. एजंटचा पहिलाच मेसेज : 'फॅमिली की बॅचलर?' भाच्याने त्याचा स्क्रीनशॉट मला पाठवला आणि त्याखाली साडीतल्या पार्वतीचा फोटो. एक अक्षर लिहिलं नव्हतं. मला आजवर आलेल्या बनवाबनवीच्या मीम्समध्ये पुरता सिनेमा दिसला तो त्या एकाच मीममध्ये. खोली त्याला मिळाली, पण मुलुंडला.