पाणबुड्याच्या घड्याळाचे प्रयोजन

साहित्यविषयक त्रैमासिकात मनगटी घड्याळांची समीक्षा कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. परंतु रूप आणि प्रयोजन यांचा परस्परसंबंध तपासणे हे समीक्षेचे काम असेल, तर पाणबुड्यांसाठी घडविलेली आणि आता धनिकांच्या मनगटावर विराजमान झालेली घड्याळे त्यासाठी फार सोयीची आहेत. त्यांच्या प्रत्येक अवयवाला एके काळी काही ना काही काम होते. त्यांपैकी किती काम आज उरले आहे, एवढेच मला येथे पाहावयाचे आहे.

मूळ गरज अशी. पाण्याखाली दर दहा मीटरला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि त्या दाबाखाली श्वासातील नायट्रोजन रक्तात मुरतो. किती खोलीवर किती वेळ काढला, यावर वर कसे आणि किती सावकाश यावयाचे हे ठरते. म्हणून तबकडीभोवती एक फिरते कडे असते. बुडी मारताना त्यावरील त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवावयाचा. मग किती मिनिटे गेली ते हिशेब न करता वाचता येते. पुढे हे कडे एकाच दिशेने फिरणारे झाले. त्याला चुकून धक्का लागला, तर पाण्यातला वेळ जितका गेला त्याहून अधिक दिसतो, कमी कधीच दिसत नाही. पाणबुडा फार तर लवकर वर येतो. यंत्राची चूकसुद्धा माणसाच्या बाजूने व्हावी, ही या कारागिरीतील मला सर्वांत सुंदर वाटलेली कल्पना आहे.

पुढे 1980 च्या दशकात बुडी मोजणारे विद्युत्-संगणक आले. खोली, वेळ आणि वर येण्याचा वेग ही तिन्ही कामे ते एकत्रच करू लागले. हौशी पाणबुड्याची मर्यादा साधारण 40 मीटरची, आणि घड्याळावर मात्र 300 मीटर कोरलेले! आपल्यापैकी अनेकांच्या घरी दिवाणखान्यातील तलवार खंडेनवमीला तेलपाणी होऊन पुन्हा भिंतीवर जाते. तिची धार कोणी विचारीत नाही, विचारूही नये. पण तीच तलवार कोणी आजचे युद्धसाहित्य म्हणून विकू लागला, तर त्याला चार प्रश्न विचारणे भाग आहे. या घड्याळांच्या जाहिराती नेमके तेच करीत असतात.

राज्य शासनाच्या सेवेत असताना खरेदीच्या फायलींत ‘प्रयोजन’ असा एक रकाना असे. तो कोरा असला की फाइल परत जाई. तोच रकाना मी येथे लावणार आहे.

प्रथम मान ब्लांपँच्या ‘फिफ्टी फॅदम्स’चा. पन्नास फॅदम म्हणजे सुमारे 91 मीटर. 1953 साली कंपनीचे प्रमुख झां-झाक फीश्तेर (हे स्वतः पाणबुडे) आणि फ्रेंच नौदलाचे रोबेर मालुबिए व क्लोद रिफो यांच्या गरजांतून हे घड्याळ घडले. काळी तबकडी, मोठे चमकणारे आकडे, स्वयंचलित यंत्र, आणि दाबल्याखेरीज न फिरणारे कडे. आजच्या पाणबुडी-घड्याळाचे जवळजवळ संपूर्ण व्याकरण येथेच सिद्ध झाले. 2007 मध्ये त्याचा जो भव्य अवतार आला, तो 45 मिलिमीटर व्यासाचा; कड्यावर घुमटाकार नीलमणी-काच, आणि एकदा चावी भरली की पाच दिवस चालणारे यंत्र. कारागिरी निःसंशय उच्च कोटीची. तथापि ज्या सैनिकाला पाण्याखाली दिसू नये म्हणून धडपडावे लागते, त्याच्या घड्याळाचे हे झगमगते वंशज पाहून मन किंचित खट्टू होते.

रोलेक्सचे ‘सबमरीनर’ही 1953 चेच. 1962 च्या ‘डॉ. नो’ चित्रपटात ते शॉन कॉनरीच्या मनगटावर दिसले आणि समुद्राशी संबंध नसलेल्यांनाही हवेसे झाले. त्याच्या तबकडीवर टीका करणे अवघड आहे. बाराला त्रिकोण, तीन, सहा व नऊला पट्ट्या, उरलेल्या जागी ठिपके. अंधारात घड्याळ कसेही धरले तरी वरची बाजू कळते. 2020 च्या आवृत्तीत डबी 41 मिलिमीटरची झाली आणि यंत्र सुमारे 70 तास चालू लागले. पट्ट्याची कडी हत्याराविना थोडी थोडी सैल करता येते, म्हणजे पाणबुड्याच्या जाड रबरी पोशाखावरूनही घड्याळ बांधता यावे. सात दशके कंपनी एकच वाक्य अधिकाधिक शुद्ध लिहीत आली आहे, आणि हा गुण लहान नाही. परंतु हेच घड्याळ अखंड सोन्यातही मिळते! सोन्याचे घड्याळ घालून कोणता पाणबुडा खडकांत शिरणार? तेथे माझा रकाना कोराच राहतो.

ओमेगाच्या ‘सीमास्टर 300 एम’विषयी फार लिहावे असे मला वाटत नाही. 2018 ची आवृत्ती यंत्राच्या दृष्टीने उत्कृष्ट आहे. 15,000 गॉसच्या चुंबकीय क्षेत्रातही तिला बाधा येत नाही. तबकडीवर लेझरने लाटा कोरल्या आहेत, काटे मधून पोकळ आहेत, आणि दहाच्या बाजूला हेलियमची झडप उभी आहे. ही झडप लागते ती दिवसच्या दिवस हेलियममिश्रित हवेच्या कोठडीत राहून खोल समुद्रात काम करणाऱ्यांना. दाब उतरताना डबीत शिरलेला वायू काच उडवू नये, एवढेच तिचे काम. पोहणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. घरावर धुराडे बांधावे आणि आत चूल नसावी, तसे काहीसे.

उरले टुडरचे ‘पेलागोस एफएक्सडी’. टुडर हे रोलेक्सचेच धाकटे भावंड. दोन्हींचे संस्थापक हान्स विल्सडॉर्फ. फ्रेंच नौदलाशी टुडरचा संबंध 1950 च्या दशकापासूनचा. त्या नौदलाबरोबर तयार केलेली निळी आवृत्ती 2021 मध्ये बाजारात आली. फ्रेंच नौदलाचे जलसैनिक जोडीने, दोरीने एकमेकांशी जोडलेले, पाण्याखालून दिशा धरून जातात. होकायंत्राच्या एका दिशेला ठरावीक मिनिटे पोहावयाचे, मग वळावयाचे, मग पुन्हा ठरावीक मिनिटे. म्हणून या घड्याळाच्या कड्यावरील आकडे उलटे, साठाकडून शून्याकडे जाणारे आहेत, आणि प्रत्येक वळणावर चटकन जुळविता यावे म्हणून कडे दोन्ही दिशांना फिरते. ओल्या बोटांना पकड मिळावी म्हणून ते डबीच्या बाहेर किंचित आलेले आहे. पट्टा अडकविण्याच्या दांड्या टायटॅनियमच्या डबीतूनच कोरून काढल्या आहेत. स्प्रिंगची दांडी निसटून घड्याळ समुद्रतळाला जाण्याचा प्रश्नच नाही. तारीख नाही, झडप नाही.

मघाशी ज्या एकदिशी कड्याची मी स्तुती केली, ते येथे नाही, आणि त्यामुळे पाणबुडी-घड्याळांचे आंतरराष्ट्रीय मानक हे घड्याळ पूर्ण करीत नाही. तरी माझी पसंती यालाच. ते मानक हवेचा साठा सांभाळणाऱ्या पाणबुड्यासाठी आहे. हे घड्याळ वाट शोधणाऱ्यासाठी. काम बदलले तेव्हा घडविणाऱ्यांनी प्रतिष्ठेचे प्रमाणपत्र सोडले आणि कामाला धरून राहिले. वरील तीनही घड्याळे आपल्या पूर्वजांचे काम आठवितात. हे ज्या वर्षी आले त्या वर्षी त्याला स्वतःचे काम होते. बाजारात आले तेव्हा त्याची किंमत ‘सबमरीनर’च्या निम्म्याहूनही कमी होती, हेही नोंदवितो.

उणिवा आहेतच. धातूचा नेहमीचा पट्टा याला लावता येत नाही, कापडी किंवा रबरीच हवा. उलटे आकडे सामान्य वापरणाऱ्याला बुचकळ्यात टाकतील. गेलेली मिनिटे काढावयास वजाबाकी करावी लागेल. बहुधा म्हणूनच टुडरने 2023 मध्ये याची काळी आवृत्ती काढली. तिचे कडे नेहमीसारखे, चढत्या आकड्यांचे आणि एकाच दिशेने फिरणारे आहे. दुकानात बहुतेक जण तीच मागतील. मी निळी मागेन.