हिवाळी ऊन आणि फोटोच्या जागा

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, फराळाचे डबे तळाला गेले, की आपल्याकडे एका प्रकारच्या लिखाणाला बहर येतो. ‘हिवाळ्यात फोटो काढण्याजोग्या जागा’ हे त्याचे नाव. गाव तेवढे बदलते. साताऱ्याच्या दहा, वाईच्या सात, सांगलीच्या पाच. हा काय साहित्यप्रकार झाला, असे कोणी नाक मुरडून विचारील. मी म्हणतो, झाला. हे लिखाण वाचून माणसे अंथरुणातून उठतात, बायकापोरांना गाडीत घालतात नि पन्नास कोस तुडवतात. कादंबरी वाचून कोणी इतके करीत नाही, हे त्या धंद्यातला माणूस म्हणून मला चांगले ठाऊक आहे. ज्या लिखाणाचा माणसावर एवढा अंमल चालतो, त्याची परीक्षा कोणीतरी करायला हवी.

पहिला दोष महिन्याचा. ह्या याद्यांत डिसेंबरासाठी कास पठाराचे नाव हटकून असते. कासचा फुलोरा ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंतचा. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासही युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले आणि लौकिक वाढला. पण लौकिक वाढला म्हणून काही फुले नाताळापर्यंत थांबत नाहीत. त्या दिवसांत तिथे काळा कातळ, वाळले गवत नि गार वारा. ठोसेघरच्या धबधब्याचीही कथा तीच, पावसाळा सरला की त्याची रया जाते. कातळालाही त्याचे देखणेपण असते, नाही असे नाही. पण मग तसे सांगावे. सप्टेंबरातला फोटो दाखवून डिसेंबरात बोलावणे म्हणजे वधूची थोरली बहीण दाखवून धाकटी गळ्यात बांधण्यासारखे आहे.

दुसरा दोष अधिक खोल आहे. ही मंडळी जागा सांगतात, ऊन सांगत नाहीत. फोटोला जागा लागते त्याहून अधिक ऊन लागते. डिसेंबरच्या २१-२२ तारखेच्या सुमारास साताऱ्यात सूर्य ठीक पूर्वेला उगवत नाही, दक्षिणेकडे जवळजवळ २५ अंश सरकून उगवतो, तोही सातच्या सुमारास. भर दुपारी तो ४९ अंशांच्या वर चढत नाही. म्हणजे सबंध दिवस दक्षिणेकडून तिरके ऊन. आता अजिंक्यतारा शहराच्या दक्षिणेला. शहरात उभे राहून किल्ल्याचा फोटो घ्यावा तर सूर्य किल्ल्यामागे, आणि आपल्याकडची बाजू सावलीत काळवंडलेली. उलट किल्ल्यावर चढून खाली शहराकडे पाहावे, तर ऊन आपल्या पाठीशी नि सातारा समोर लख्ख. आमच्या शाळेतला चौथीचा पोरही भूगोलाच्या तासाला ही गोष्ट दिशा काढून दाखवील. याद्या मात्र ‘अजिंक्यतारा, सुंदर दृश्य’ एवढे लिहून पुढच्या जागेकडे वळतात.

शहराच्या पूर्वेला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली आहे. संगम माहुलीच्या काठावर श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी अठराव्या शतकात बांधलेले विश्वेश्वराचे देऊळ, आणि पलीकडे क्षेत्र माहुली. विश्वेश्वराचा घाट पाण्याच्या, म्हणजे उगवतीच्या अंगाला उतरतो. सकाळचे ऊन त्याच्या पायऱ्यांवर एकेक करून चढते. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे माहुलीचे. शाहू छत्रपतींची समाधी इथलीच. अशा ठिकाणी सकाळी आठाच्या आत पोचावे, हे एक वाक्य लिहायला किती शाई लागते?

मेणवलीची तर वेगळीच गत. नाना फडणविसांचा वाडा, अर्धचंद्राकार घाट, वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा. सगळे एका हाकेच्या अंतरावर. २००४ साली ‘स्वदेस’ चित्रपटाने तो घाट देशभर पोचवला. तेव्हापासून येणारा प्रत्येक जण चित्रपटातल्याच जागी उभा राहतो नि तेच चित्र घेऊन जातो. ह्याला मी फोटो म्हणत नाही, नक्कल म्हणतो. शाळेत तिला शून्य मार्क देतो.

लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीबद्दल मात्र थोडे थांबून सांगायला हवे, कारण याद्यांनी केलेला सर्वांत मोठा अन्याय तिच्यावर आहे. शाहूंच्या काळात विरूबाई भोसल्यांनी ती बांधवली. खोली ११० फूट नि व्यास ५० फूट सांगतात. विहीर कसली, जमिनीत उतरलेला महालच तो. हिवाळ्यात भर दुपारीही ४९ अंशांचे ऊन पन्नास फूट रुंदीच्या तोंडातून आत शिरले तर साधारण निम्म्या खोलीपर्यंतच जाईल. तळापर्यंत सरळ ऊन पाहायचे तर मे महिन्यात, सूर्य माथ्यावर येतो त्या दिवसांत यावे लागेल. पण हिवाळ्यात उजेड आणि अंधार ह्यांची सीमा भिंतीवर हळूहळू सरकताना दिसते, दगडाचा ताशीवपणा त्या तिरक्या उजेडात उठून येतो, आणि मला विचाराल तर मे महिन्यापेक्षा हेच पाहण्यासारखे आहे. याद्या म्हणतात, ‘कठड्यावर बसून छान फोटो येतो.’ येत असेल. बसणाऱ्याचा येतो, विहिरीचा येत नाही.

सांगलीकडे यावे. इथे प्रत्येक यादीत आयर्विन पूल असतो. १९२९ साली व्हाइसरॉय आयर्विन ह्यांच्या हस्ते खुला झालेला दगडी पूल, खाली संथ कृष्णा, आणि संध्याकाळी सांगलवाडीच्या अंगाला बुडणारा तांबडा सूर्य. दृश्य देखणे आहे, वाद नाही. पण सांगलीकराला विचारा. पावसाळा आला की तो ह्या पुलाजवळच्या पाण्याचा आकडा ऐकतो: ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २००५ साली आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये आकडा धोक्याच्या कितीतरी वर गेला नि अर्धे गाव माळ्यावर, नातलगांकडे, छावण्यांत राहिले. हिवाळ्यात पाणी खाली गेलेले असते, घाटाच्या पायऱ्या उघड्या पडतात. पाहुणा म्हणतो, वा, काय शांत नदी! आणि ज्याच्या घराच्या भिंतीवर अजून चिखलाची रेघ आहे, तो त्याच्या शेजारी उभा राहून काही बोलत नाही. फोटो काढू नका असे मी म्हणत नाही. पण यादीत ह्या पुलाला जी दोन ओळींची जागा मिळते, तीत एवढे लिहिले असते, तर पाहुण्याने कॅमेरा थोडा खाली, त्या पायऱ्यांकडे वळवला असता.

खरा हिवाळा ह्या मुलखात शिवारात असतो, आणि याद्यांना त्याचा पत्ताच नाही. कराड, शिराळ्याच्या बाजूला गुऱ्हाळे पेटतात. चुलवाणात चिपाडे जळतात, काहिलीतून मळी काढली जाते, गुळव्या रसाचा रंग पाहून हाताने इशारा करतो. वाफेतून समोरच्या दारातले ऊन आत येत असेल तर त्याच्याकडे तोंड करून उभे राहावे. वाफ उजळते नि माणसे सावल्यांसारखी दिसतात. पुढे जानेवारीपासून सांगली भागात हळद निघते, शिजते, अंगणभर वाळत पडते. तिची पेवे हरिपुरात होती, त्यांतली कित्येक २००५च्या पुराने निकामी केली.

इथे एक गोष्ट खडसावून सांगितली पाहिजे. दसऱ्यानंतर बीडकडून ऊसतोडीला माणसे येतात, फडाच्या कडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटेच्या धुक्यात बैलगाड्यांची रांग, डोक्यावर मोळी घेतलेली बाई. ह्याचे फोटो बक्षिसे मिळवतात. त्या बाईला विचारले होते काय? कोपी हे तिचे घर आहे. तुमच्या न्हाणीघराच्या दारात कोणी कॅमेरा धरला तर चालेल काय? विचारावे, नाव पुसावे, आणि ‘नको’ म्हणाली तर रामराम करून पुढे जावे. फोटो दिला तर तिच्या मुलाच्या मोबाइलवर पाठवून द्यावा, त्याला काही पैसे पडत नाहीत.

एवढे दोष दाखवल्यावर मंडळी म्हणतील, मास्तर, मग तुम्हीच एक जागा सांगा. सांगतो. नाट्याचार्य गोविंद बल्लाळ देवल ज्या हरिपूरचे, तिथे वारणा कृष्णेला मिळते. संगमेश्वराच्या देवळाकडून जानेवारीतल्या सकाळी पाण्याकडे उतरावे. त्या महिन्याच्या मध्याला सूर्य वर्षातला सर्वांत उशिरा, सातनंतर काही मिनिटांनी उगवतो, त्यामुळे फार लवकर उठावे लागत नाही. मफलर मात्र हवा. आणि धुके असले तर पहिला अर्धा तास कॅमेरा खिशातच ठेवावा. तोवर पलीकडचा काठ दिसतच नाही.