खिशातला ब्राउझर आणि बांधावरचं ॲप

पर्यायी ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ब्राउझर आणि ॲप्स, हा विषय पुण्या-बेंगळुरूचा वाटतो. पण अशी एक सिस्टिम कळंब, भूम, परंड्याच्या आठवडी बाजारात लोकांच्या खिशात फिरत होती. आम्ही जिओफोनबद्दल बोलतोय.

२०१७ साली हा फोन आला. १५०० रुपये अनामत, बटणं, छोटासा पडदा, ५१२ एमबी रॅम. आत ॲन्ड्रॉइड नव्हतं, कायओएस होती. तिचं मूळ मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमध्ये. मोझिलाची ती सिस्टिम २०१४ मध्ये आपल्याकडे इंटेक्सच्या १,९९९ रुपयांच्या फोनवर आली होती. ती चालली नाही, आणि डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने फोनचा नाद सोडला. कोड मात्र खुला होता, त्यावर कायओएस उभी राहिली.

यातली गंमत बघा. इतर फोनमध्ये ब्राउझर हे दहातलं एक ॲप असतं. इथे ब्राउझरचं इंजिन, म्हणजे गेको, हीच जमीन. फोन लावायचा पडदा, मेसेज, कॅलेंडर, सगळी वेबपानंच. म्हणजे ॲप करायला एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट पुरे. सोबत एक मॅनिफेस्ट फाइल आणि चिन्ह. बोटाने दाबायचं नाही, म्हणून बाणाच्या बटणांनी एका चौकटीतून दुसरीत जायचं, हे तेवढं आपण लिहायचं. तुळजापूरच्या कॉलेजातल्या ज्या मुलाला वेबपान करता येतं, त्याला हे जमण्यासारखं होतं. कल्पना म्हणून आम्हाला ही आजही फार आवडते.

बिघडलं ते पुढे. जिओफोनचं इंजिन गेको ४८, म्हणजे २०१६ सालचं. वेब थांबत नाही, हे मात्र थांबलं. जावास्क्रिप्टमधलं ‘असिंक-अवेट’ फायरफॉक्समध्ये ५२ व्या आवृत्तीत आलं. ते वापरून लिहिलेली स्क्रिप्ट जुन्या इंजिनला वाचताच येत नाही. चूक एका ओळीत, पण ती अख्खी फाइल चालत नाही. समोर कोरा पडदा. माणूस म्हणतो, नेट गेलं.

दुसरं म्हणजे दार. खुल्या कोडवर बांधलेल्या या फोनमध्ये स्वतः लिहिलेलं ॲप सरळ टाकून बघायची सोय बंद होती. जे दुकानात ठेवलं जाईल तेच मिळणार. व्हॉट्सॲपसुद्धा सप्टेंबर २०१८ मध्ये आलं. तिथे आपल्या मुलाचा नंबर कधी लागणार?

आता तिसरं, आणि इथे आम्ही कंपन्यांना सोडून सरकारकडे वळतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. हे दिलं ॲन्ड्रॉइडच्या ॲपमधून. अहो, फोटो काढायला त्या फोनला कॅमेरा होता, ठिकाण सांगायची सोय कायओएसमध्ये होती. एक साधं, हलकं वेबपान केलं असतं तर दोन्हीकडे चाललं असतं. ‘प्रत्येक फोनसाठी वेगळं कुठं लिहीत बसायचं’ हे उत्तर आम्हाला पटत नाही. वेब आहेच मुळी एकदा लिहिण्यासाठी.

आपल्या जिल्ह्यात हा नुसता तांत्रिक वाद नाही. २०२० च्या खरिपात अतिवृष्टी झाली आणि ७२ तासांत नुकसान कळवलं नाही म्हणून विम्याचे दावे नाकारले गेले. साडेतीन लाखांहून जास्त शेतकरी. औरंगाबाद खंडपीठाने मे २०२२ मध्ये भरपाई द्यायला सांगितली, सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. तेव्हा वीज आणि नेटवर्कच गेलं होतं, त्यामुळे हे सगळं फोनच्या माथी मारणं खोटं ठरेल. टोल-फ्री नंबरही होताच. पण कळवणं हीच अट असेल, तर कळवायचं साधन कोणाच्या हातात आहे हे आधी बघायला नको?

आणि ते बघितलं नव्हतं असंही नाही. पीक पाहणीच्या ॲपमध्ये एका मोबाइलवरून २० खातेदारांची नोंद करायची सोय ठेवली होती. म्हणजे १९ जणांकडे चालणारा फोन नसेल, हा हिशेब करणाऱ्याने आधीच केला होता.