बालसखीचा पेपर कसा वाचायचा? शिकवतं कोण आणि मोजलं कुणाला जातं?

परदेशी प्रवेशाची किंवा पीएचडीची तयारी करणारे बरेच जण एक प्रश्न विचारतात. ‘सुट्टीत पाच-सहा आठवडे कंबोडियाला किंवा बालीला जाऊन गरीब मुलांना शिकवून आलो, तर अर्जात वजन पडेल का?’ अंधेरी-बोरिवलीच्या कॉलेजांबाहेर अशा ट्रिपच्या जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. वजन पडतं की नाही ते बाजूला ठेवू. संशोधक होऊ पाहणाऱ्याने आधी विचारायला हवं की त्या मुलांना काही आलं का आणि आलं हे कळलं कसं?

या प्रश्नाचं सगळ्यात नीट उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही. घाटकोपर आणि अंधेरी पूर्व यांच्या मध्ये पालिकेचा एल वॉर्ड आहे, म्हणजे कुर्ला, साकीनाका, चांदिवलीचा भाग. विकास-अर्थशास्त्रातला एक गाजलेला प्रयोग इथल्या पालिकेच्या शाळांमध्ये झाला. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांचा ‘रेमेडिइंग एज्युकेशन’ हा पेपर 2007 साली क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये छापून आला. यातल्या बॅनर्जी आणि डुफ्लो यांना 2019 मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह नोबेल मिळालं. नोबेलचं नाव ऐकून दबून जाऊ नका, पेपर वाचायला तसा सोपा आहे. आज आपण तो टीकाकाराच्या नजरेने वाचू.

प्रयोग काय होता?

‘प्रथम’ ही संस्था मुंबईतल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी नव्वदच्या दशकात सुरू झाली. तिचा ‘बालसखी’ नावाचा कार्यक्रम होता. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतली, शालेय शिक्षण पूर्ण केलेली तरुण मुलगी. तिला सुरुवातीला दोन आठवडे प्रशिक्षण आणि महिन्याला 500 ते 750 रुपये मानधन. वर्गातली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं ती रोज साधारण दोन तास वेगळी बसवायची आणि अक्षरं, वाचन, बेरीज-वजाबाकी असा अगदी पाया पक्का करायची.

हा कार्यक्रम मुंबई आणि वडोदरा या दोन शहरांत तपासला गेला. सोडत काढून निम्म्या शाळांत एका इयत्तेला बालसखी मिळाली आणि उरलेल्या निम्म्यांत दुसऱ्या इयत्तेला. ही मांडणी वहीत उतरवून ठेवा. एकही शाळा रिकाम्या हाताने परत गेली नाही, आणि प्रत्येक इयत्तेला तुलनेसाठी नियंत्रण गट मिळाला. ‘काही मुलांना मुद्दाम वंचित ठेवणं नैतिक आहे का?’ असं मुलाखतीत विचारलं तर या मांडणीचं उदाहरण द्या.

निकाल असा होता. पहिल्या वर्षी सरासरी गुण 0.14 प्रमाण विचलनाने वाढले, दुसऱ्या वर्षी 0.28 ने. 0.28 म्हणजे किती? शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्ये, म्हणजे पन्नासाव्या जागी उभा असलेला मुलगा साधारण एकसष्टाव्या जागी जातो. चमत्कार नाही, पण इतक्या थोड्या खर्चात खूप झालं. आणि हा फायदा मुख्यतः मागे पडलेल्या मुलांनाच झाला.

नियंत्रण गट नसता तर?

आम्ही विज्ञानवाले ‘कंट्रोल’ हा शब्द बीएस्सीपासून ऐकतो, पण माणसांच्या बाबतीत तो लगेच विसरतो. समजा, तुम्ही सहा आठवड्यांच्या ट्रिपवर गेलात. पहिल्या दिवशी चाचणी घेतली, सगळ्यात कमी गुणांची दहा मुलं निवडली, शिकवलं आणि शेवटी पुन्हा चाचणी घेतली. गुण वाढले. तुमच्यामुळे का?

त्या दहांपैकी एखाद्याला पहिल्या दिवशी ताप असेल, एखाद्याला प्रश्नच कळला नसेल. दुसऱ्या वेळी त्यांचे गुण आपोआप सरासरीकडे सरकतात. शिवाय सहा आठवड्यांत त्यांची शाळाही चालू असते, वयही वाढतं. तुम्ही गेलाच नसतात तरी आलेख वर गेला असता. बालसखीच्या पेपरमध्येही मागे पडलेलीच मुलं शिकवली गेली, म्हणजे हाच सापळा तिथेही होता. नियंत्रण गटामुळे संशोधक त्यातून सुटले.

आणखी एक बारकावा बघा. दुसऱ्या वर्षी मुंबईत ज्यांना बालसखी मिळायची होती, त्यापैकी सुमारे दोन तृतीयांश शाळांतच ती प्रत्यक्षात पोहोचली. संशोधकांनी उरलेल्या शाळा यादीतून काढल्या नाहीत. सोडतीत जिचं नाव निघालं ती शाळा बालसखीच्या गटातच मोजली. आपल्याला मोह होतो की जिथे काम झालंच नाही ते कशाला धरायचं? पण जिथे काम होत नाही त्या शाळा बहुतेक वेळा वेगळ्याच असतात. त्या वगळल्या की सोडतीचा सगळा फायदा गेला.

आता टीका

पहिला आक्षेप. बालसखीबरोबर तीन गोष्टी एकदम आल्या: नवी व्यक्ती, लहान गट, आणि मुलाच्या पातळीवर उतरून शिकवणं. परिणाम यातल्या कशाचा? लहान वर्गाबद्दल पेपरकडे एक हुशार उत्तर आहे. बालसखी वीस मुलं घेऊन गेली की मूळ वर्गही लहान होतो, पण तिथे मागे राहिलेल्या मुलांचे गुण काही वाढले नाहीत. म्हणजे नुसती गर्दी कमी करून भागत नाही. पण व्यक्ती की पद्धत, हा प्रश्न या पेपरमधून पूर्ण सुटत नाही.

तो पुढच्या प्रयोगांनी सोडवला, म्हणून एकच पेपर वाचून थांबू नका. उत्तराखंडमध्ये ‘प्रथम’चे स्वयंसेवक शाळांत दिले गेले, तिथे त्यांना नेहमीच्या शिक्षकांसारखं वर्गावर उभं केलं गेलं आणि गुणांत फरक दिसला नाही. हरियाणात उलट झालं. स्वयंसेवक नव्हते, सरकारी शिक्षकांनीच रोजचा एक तास राखून मुलांना पातळीनुसार बसवलं, तर भाषेचे गुण वाढले. एकीकडे माणूस आहे पण पद्धत नाही, दुसरीकडे पद्धत आहे पण नवा माणूस नाही. दोन राज्यांची थेट तुलना करताना सावध राहायला हवं, पण दिशा स्पष्ट आहे. काम करतात ते राखून ठेवलेला वेळ आणि योग्य पातळी. तरुणाचा उत्साह त्यांच्यावर स्वार होऊन येतो आणि श्रेय घेऊन जातो.

दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा. कार्यक्रम संपल्यावर एक वर्षाने मोजलं तेव्हा फायदा सुमारे 0.10 वर आला होता. हा आकडा पेपरमध्येच आहे, लपवलेला नाही, पण पेपरचा हवाला देताना लोक 0.28 सांगतात आणि 0.10 गिळतात. रोज दोन तास, वर्षाचे 200 दिवस धरले तर 400 तासांच्या शिकवण्यातून वर्षभराने एवढं उरतं. सहा आठवड्यांच्या ट्रिपमध्ये रोज दोन तास धरले तर साठ तास होतात. तेही बहुधा मुलाला न कळणाऱ्या भाषेत, रंगांची नावं आणि गाणी शिकवण्यात. त्यातून काय उरेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. निकालांच्या कोष्टकात मुलांचे गुण आहेत, बालसखी नाही. 500-750 रुपयांत रोज वर्ग चालवणाऱ्या या मुलींचं पुढे काय झालं? त्या शिकल्या, नोकरीला लागल्या, की घरी बसल्या? कार्यक्रम स्वस्त होता, कारण तिचे श्रम स्वस्त होते. ‘किफायतशीर’ हा शब्द पेपरमध्ये दिसला की विचारा, ही किफायत कुणाच्या खिशातून आली?

या पेपरच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. बालसख्या बदलत राहायच्या, एकच मुलगी वर्षानुवर्षं टिकायची नाही. तरी काम चालू राहिलं, कारण पद्धत, साहित्य आणि देखरेख मागे राहायची. म्हणून ‘स्वयंसेवक येतात आणि जातात’ एवढ्यावरून ट्रिपला नावं ठेवणं अपुरं आहे. तो गेल्यावर मागे काय उरतं, ते बघा.

ट्रिपचं मोजमाप उलटं का असतं?

1968 साली इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर भाषण केलं आणि तोंडावर सांगितलं की तुमच्या सदिच्छांची तिथे गरज नाही, येऊ नका. भाषण आजही टोचतं. पण ते युक्तिवाद म्हणून वाचा, पुरावा म्हणून नाही. त्यात मोजलेलं काहीच नाही.

ट्रिपवाल्यांकडे मोजमाप असतं. शेवटच्या दिवशी फॉर्म भरून घेतात, ‘या अनुभवाने तुम्ही किती बदललात?’ म्हणजे निरीक्षणाचं एकक स्वयंसेवक आहे, मूल नाही. मुलाला काय आलं हा प्रश्न फॉर्मवर नसतो. यात कुणी खोटं बोलत नाही. स्वयंसेवक खरंच बदलून येत असेल. पण पैसे, वेळ आणि फोटो ज्या मुलाच्या नावावर गोळा झाले, त्याचा रकाना कोरा आहे. बालसखीच्या पेपरमध्ये रकाना तिचा कोरा, ट्रिपच्या अहवालात मुलाचा. दोन्हीकडे ज्याचं म्हणणं कुणी विचारत नाही तोच गाळला जातो. संशोधन आराखडा लिहायला बसाल तेव्हा स्वतःच्या कोष्टकात कुणाचा रकाना नाही, हे एकदा तपासा.

तुमच्यासाठी

शिकवायची इच्छा असेल तर जरूर शिकवा. पालिकेच्या शाळा मुलुंडमध्येही आहेत आणि कांदिवलीतही, मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती अशा माध्यमांच्या. यातली एखादी भाषा तुम्हाला येतेच. पण जिथे जाल त्या संस्थेला आधी तीन प्रश्न विचारा. मुलाची पातळी पहिल्या आठवड्यात तपासता का? मी सोडून गेलो तर माझा गट कोण घेणार? आणि वर्षाच्या शेवटी तुम्ही कुणाची चाचणी घेता, मुलांची की आमच्या समाधानाची?

आणि अर्जात हा अनुभव लिहायचाच असेल, तर ‘मी वीस मुलांना शिकवलं’ असं एकच वाक्य लिहू नका. त्यांना सुरुवातीला काय येत होतं, शेवटी काय आलं आणि त्यातलं किती तुमच्याविनाही आलं असतं, ते लिहा. तिसऱ्या प्रश्नाला ‘सांगता येत नाही’ हे उत्तर असलं तरी प्रामाणिकपणे तेच लिहा. अर्ज वाचणारा संशोधक असेल, तर तो नेमका तिथेच थांबून वाचेल.