‘द साइन ऑफ द फोर’मधील कोकेन : बुद्धी, भावना आणि व्यसन

प्रस्तावना :
आर्थर कॉनन डॉयल यांची ‘द साइन ऑफ द फोर’ ही कादंबरी १८९० मध्ये प्रसिद्ध झाली. शेरलॉक होम्स सात टक्के कोकेनचे द्रावण टोचून घेतो, या प्रसंगाने ती सुरू होते आणि त्याच बाटलीकडे वळलेल्या त्याच्या हाताने संपते. या चौकटीची मेंदूविज्ञानाच्या आधारे चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कादंबरीची भूमिका :
निष्क्रियता होम्सच्या बुद्धीला असह्य होते. कोकेन हा त्यावरील त्याचा उपाय आहे. डॉ. वॉटसन वैद्यक म्हणून त्याला सावध करतात, नशेनंतर येणाऱ्या खिन्नतेची आठवण देतात. मात्र काम मिळताच होम्स कोकेन विसरतो. ओढ नाही, तगमग नाही. अखेरीस वॉटसन यांचा विवाह ठरल्यावर प्रेम ही भावना असून ती विवेकाच्या विरोधी आहे, असे तो म्हणतो. अशा रीतीने कादंबरी कोकेनला बुद्धीच्या पक्षात आणि प्रेमाला भावनेच्या पक्षात बसविते.

विज्ञानाची साक्ष :
ही विभागणी टिकत नाही. मज्जापेशींनी सोडलेले डोपामाइन परत शोषून घेण्याची क्रिया कोकेन रोखते; त्यामुळे प्रेरणा व सुखानुभूतीशी निगडित केंद्रांत डोपामाइन साचते. अ‍ॅना रोझ चाइल्ड्रेस व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये कोकेनच्या रुग्णांना त्या पदार्थाशी संबंधित चित्रफीत दाखविली, तेव्हा भावनांशी निगडित अमिग्डाला व अग्र सिंग्युलेट या भागांतील रक्तप्रवाह वाढलेला आढळला. ह्यू गॅरावन व सहकाऱ्यांच्या २००० मधील अभ्यासात व्यसनी व्यक्तींचा मेंदू कोकेनच्या दृश्यांना तीव्र, तर कामोद्दीपक दृश्यांना इतरांपेक्षा क्षीण प्रतिसाद देत होता. म्हणजे व्यसनात भावना नाहीशी होत नाही. ती एकाच विषयाभोवती गोळा होते व अन्य सुखे फिकी पडतात. आन्तोनिओ दामासिओ यांनी तर १९९४ मध्ये भावनेवाचून व्यावहारिक निर्णयही लंगडा पडतो, असे प्रतिपादन केले.

मूल्यमापन :
या प्रकाशात कादंबरीचा शेवट वेगळा दिसतो. मित्राच्या आनंदात होम्सला सहभागी होता येत नाही, आणि हात बाटलीकडे जातो. पात्राचे विधान एक सांगते, लेखकाची रचना दुसरेच सुचविते. तथापि होम्सला रुग्ण ठरविणे अतिरेकाचे होईल. त्याचा कोरडेपणा कोकेनचे फलित आहे, असे संहिता कोठेही म्हणत नाही. मेंदूच्या प्रतिमांवरूनही बदल व्यसनाआधीचा की नंतरचा, हे सहसा ठरत नाही. कादंबरीचा खरा दोष निराळा आहे : तिने व्यसनाला विनासायास सोडता येणाऱ्या सवयीचे रूप दिले. वास्तव कठोर होते. सिग्मंड फ्रॉइड यांनी १८८४ मध्ये कोकेनची भलावण केली. मॉर्फिनमधून सुटण्यासाठी ते घेणारे त्यांचे स्नेही अर्न्स्ट फॉन फ्लाइश्ल-मार्क्सो कोकेनच्याही आहारी गेले व १८९१ मध्ये निधन पावले. डॉयल यांनाही पुढे ‘द मिसिंग थ्री-क्वार्टर’ (१९०४) या कथेत होम्सचे व्यसन सुटलेले नसून केवळ निद्रिस्त आहे, असे वॉटसनकडून वदवावे लागले.

निष्कर्ष :
व्यसन हा बुद्धिमंतांचा विरंगुळा नव्हे, तसाच तो निव्वळ दुबळ्या इच्छाशक्तीचा पुरावाही नव्हे. ही कादंबरी वर्गात शिकविताना होम्सच्या बुद्धिवैभवाबरोबर त्या अखेरच्या एकाकी हाताकडेही विद्यार्थ्यांचे लक्ष वेधणे आवश्यक ठरते.