गुन्हा, गुन्हेगार आणि ‘उचल्या’

भाषांतरकाराला काही शब्द वर्षानुवर्षे अडवून धरतात. माझ्या बाबतीत ‘गुन्हा’ हा त्यांपैकी एक होय. फारसीत ‘गुनाह’ म्हणजे पाप. हिंदी-उर्दूने तो अर्थ बराचसा सांभाळला आणि कायद्यासाठी ‘जुर्म’ हा शब्द वेगळा ठेवला. मराठीत मात्र ‘गुन्हा’ कचेरीत गेला आणि तेथेच रमला. त्यामुळे कायद्याने निषिद्ध मानलेले कृत्य म्हणजे गुन्हा, असे आपण सहज म्हणून जातो. ही व्याख्या सोयीची आहे, पुरेशी नाही.

एक तर कायद्याची यादीच स्थिर नसते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत व्यभिचार हा गुन्हा होता. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. तथापि अशा फेरबदलांतही एक तत्त्व गृहीत असते, ते हे की गुन्हा कृत्याचा असतो, जन्माचा नव्हे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नेमके हेच तत्त्व मोडले. सरकारने अधिसूचना काढून एखादी जमात गुन्हेगार ठरविली, की तिच्यातील माणसांच्या वाट्याला नोंदवही आणि पोलिसांचा पहारा येई. आणि त्या अधिसूचनेची वैधता तपासण्याची मुभा न्यायालयालाही नव्हती. हा कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला. कायदा गेला, पण शिक्का राहिला.

लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे आत्मकथन या उरलेल्या शिक्क्याची कहाणी आहे. १९८८ साली त्याला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. अपरिचित जगाचे दर्शन म्हणून त्याची वाखाणणी झाली. परंतु मला त्याचे महत्त्व अन्यत्र दिसते. या पुस्तकात गुन्ह्याच्या तीन कल्पना एकमेकींवर आदळतात. दंडसंहितेच्या लेखी चोरी हा गुन्हा. पोलिसांच्या लेखी, चोरी झालेली असो वा नसो, त्या जमातीत जन्मणे हाच गुन्हा. आणि जमातीच्या लेखी पोराने शाळेत जाणे हा गुन्हा : वस्तीतील मुले आजारी पडतात तेव्हा त्याचा दोष शाळेत जाणाऱ्या लक्ष्मणवर येतो. चोरी तेथे पाप नव्हे, पोट भरण्याचे कसब आहे. आणि त्या कसबाच्या निरनिराळ्या प्रकारांना जमातीच्या बोलीत आपापली नावे आहेत.

अशा लेखनात दोन मोह संभवतात. सारा दोष समाजावर लोटून आपल्या माणसांना निष्पाप ठरविणे हा एक, आणि लाजेने चोरी झाकणे हा दुसरा. गायकवाड दोन्ही टाळतात. त्यांच्या लेखनात चोरी ही चोरीच राहते आणि पोलिसांचा मार हा मारच राहतो; एकाने दुसऱ्याचे समर्थन होत नाही. उत्तरार्धात मात्र चळवळीचा वृत्तान्त पुढे सरकतो, लेखणी कार्यकर्त्याची होते आणि तिन्ही कल्पनांमधील ताण सैल पडतो. हा उणेपणा मान्य केला, तरी पूर्वार्धाचे सामर्थ्य कमी होत नाही.

या पुस्तकाच्या इंग्रजी भाषांतराचे नाव ‘द ब्रँडेड’ असे आहे, म्हणजे डागलेले. भाषांतरकार या नात्याने मी या नावाशी बराच वेळ थांबलो. ‘उचल्या’ या शब्दात करणारा आहे : तो वस्तू उचलतो. ‘डागलेला’ म्हटले की तो करणारा नाहीसा होतो, आणि डाग देणारा दुसरा कोणी आहे हे उघड होते. इंग्रजी नावाने दुसरा गुन्हेगार दाखविला, पण पहिला हरवला. मूळ शब्दात आरोप आणि ओळख यांची जी गाठ पडली आहे, ती भाषांतरात सुटून जाते. आणि ती गाठ हाच तर या पुस्तकाचा विषय आहे.

मराठीत भुरट्या चोराला ‘उचल्या’ म्हणण्याची सवय जुनी आहे. तसे म्हणताना आपण एका कृत्याचे नाव घेतो की माणसांच्या एका समूहाचे, हा प्रश्न हे पुस्तक वाचल्यानंतर टाळता येत नाही.