जसे आहे, जेथे आहे

मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर बँकांच्या लिलावाच्या नोटिसा असतात. मी त्या नेमाने वाचतो. 'जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे, जसे आहे जे काही आहे' हे त्यातलं पालुपद मला एखाद्या जुन्या उखाण्यासारखं वाटतं. कर्जत-खालापूर पट्ट्यातली फार्महाऊस, बिनशेती प्लॉट, बंद पडलेले कारखाने या तत्त्वावर विकले जातात. गट नंबर, चतुःसीमा, राखीव किंमत, बयाणा रक्कम असं सगळं नोटिशीत असतं. त्या चतुःसीमेच्या आत कुणी काय घडवलं, यासाठी मात्र रकाना नसतो.

चौकजवळच्या एन. डी. स्टुडिओच्या निमित्ताने तो रिकामा रकाना फार बोचला. लोक त्याला कर्जतचा स्टुडिओ म्हणतात, तालुका खरं तर खालापूर. कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी 2005 साली सुमारे 50 एकरांवर तो उभारला. 'जोधा अकबर'चा आग्ऱ्याचा किल्ला इथेच झाला, 'राजा शिवछत्रपती' मालिकेचे वाडे-सदरा इथेच, आणि 'प्रेम रतन धन पायो'चा शीशमहालही. पुढे कर्ज थकलं, थकबाकी 252 कोटींवर गेली, जुलै 2023 मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि 2 ऑगस्टला देसाईंचा त्याच स्टुडिओत अंत झाला. नंतर कित्येक दिवस चर्चा चालली ती जागा कोण घेणार आणि लिलाव होणार का याची. अखेर ती राज्य सरकारच्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडे गेली. हे बरं झालं. पण त्या साऱ्या चर्चेत तिथल्या कलेचं मोल काढायला कुणीच बसलं नाही.

आपल्याकडे कलेचा लिलाव होत नाही असं नाही. उलट हा बाजार इतका तेजीत कधीच नव्हता. नागपुरात जन्मलेल्या, जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या वासुदेव गायतोंडे यांचं 1970 सालचं एक चित्र सप्टेंबर 2025 मध्ये 67 कोटी 8 लाखांना गेलं. त्याच वर्षी मार्चमध्ये चित्रकार हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 118 कोटींना विकलं गेलं. आपलं सरकारही लिलावात उतरतं: मराठा सरदार रघुजी भोसले यांची तलवार एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून 47 लाख 15 हजारांना सोडवून आणली. म्हणजे कॅनव्हासला भाव आहे, पोलादाला आहे, जमिनीला तर आहेच. प्लायवूड आणि प्लास्टरला नाही. कलादिग्दर्शन ही कला नेमकी त्याच दोन वस्तूंत राहते.

कायद्याच्या दृष्टीनेही ती कुठेच बसत नाही. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे वस्तू पुरावस्तू ठरायला साधारणपणे शंभर वर्षं लागतात. सेट शंभर दिवस टिकला तरी निर्मात्याच्या पोटात गोळा येतो, कारण जागेचं भाडं चालू असतं. सेट घडतो तो असा: आधी स्केच, मग लहान मॉडेल, मग मापांची ड्रॉइंगं. सुतार चौकटी ठोकतात, मोल्डिंगवाले साचे काढून प्लास्टर ओततात, आणि शेवटी रंगारी येतो. माझ्या मते या धंद्यातला खरा कलावंत तो. काल ओतलेल्या भिंतीला तो तीनशे वर्षांचं शेवाळ, काजळी आणि ओल चढवतो. दुरून किल्ला, बोटानं ठोकलं तर पोकळ.

यात एक गंमत आहे. मुंबईच्या चोर बाजारात आणि ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात हीच करामत 'अँटिक' म्हणून खपते. कोकणातल्या, देशावरच्या पाडलेल्या वाड्यांचे खांब, तुळया आणि दरवाजे तिथे येतात. त्यांच्या शेजारी नवं लाकूड म्हातारं करून उभं केलेलंही असतं. हा माल मग कर्जतच्या फार्महाऊसच्या ओसरीत येतो, आणि घंगाळात कमळं फुलवली जातात. फसवणुकीच्या जुनेपणाला इतका भाव, आणि उघडपणे खोटं आहे असं सांगणाऱ्या जुनेपणाला रद्दीचा.

देसाईंच्या कामाचं मूल्यमापन नीट झालेलं नाही, कारण आपण त्यांना भव्यतेसाठीच वाखाणलं. चार राष्ट्रीय पुरस्कार त्यांच्या नावावर आहेत: 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर', 'हम दिल दे चुके सनम', 'लगान', 'देवदास'. माझं मत विचाराल तर यातलं श्रेष्ठ काम 'लगान'चं चंपानेर. भुजजवळच्या उजाड माळावरचं ते मातीचं गाव डोळ्यात भरत नाही, आणि हाच त्याचा गुण. 'देवदास'मधल्या पारोच्या घराच्या रंगीत काचा मोहक आहेत, पण त्या 'पाहा मला' म्हणतात. शीशमहालापर्यंत तर चमकच कथेवर स्वार झाली. भव्यतेची ही चटक नंतर साऱ्या धंद्याला लागली. आजच्या शिवकालीन मराठी चित्रपटांत सगळ्या सदरा एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात. तीच महिरप, तीच मशाल, तोच राखाडी पाषाणी रंग. राजगडावरची भिंत आणि विजापूरची भिंत यांतला फरक रंगाऱ्याला कुणी सांगितलाच नाही, किंवा सांगायला वेळ नव्हता. उरलेलं हिरव्या पडद्यावर संगणक भरतो.

कलादिग्दर्शनाची ही कला मुळात आपल्याकडे चित्रकारांच्या हातून आली. आनंदराव आणि बाबूराव पेंटर कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवत होते. त्याच परंपरेतले साहेबमामा फत्तेलाल 'प्रभात' फिल्म कंपनीचे कलादिग्दर्शक झाले. 1936 च्या 'संत तुकाराम'मधलं देहू आजही खोटं वाटत नाही. पेंटरांनी रंगवलेल्या त्या पडद्यांपैकी आज डोळ्यांनी पाहता येईल असं किती उरलंय? 'प्रभात' 1953 मध्ये बंद पडली; जागा वाचली, कारण 1960 मध्ये तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आली. आर. के. स्टुडिओ वाचला नाही. 2017 च्या आगीत तिथले जुने कपडे आणि सामान गेलं, मग जमीन गेली. चौकच्या स्टुडिओतही 2021 च्या मे महिन्यात आग लागली, 'जोधा अकबर'चा सेट तिच्यात सापडला.

अमेरिकेतल्या एम.जी.एम. स्टुडिओने 1970 मध्ये आपलं सगळं सामान लिलावात फुंकून टाकलं. 'द विझर्ड ऑफ ऑझ'मधल्या लाल बुटांची एक जोडी तेव्हा 15 हजार डॉलरला गेली. त्याच बुटांची दुसरी जोडी डिसेंबर 2024 मध्ये 3 कोटी 25 लाख डॉलरला विकली गेली. बूट तेच, टिकल्या त्याच. मधल्या 54 वर्षांत त्यांच्याभोवती यादी, नोंदी, अभ्यास आणि आठवण जमत गेली. लिलावात बोली लागते ती या सगळ्यावर. आपल्याकडे सेटच्या बाबतीत यातलं काहीच जमत नाही, मग हातोडा पडायच्या आधीच वस्तूची किंमत शून्य होते.

महामंडळाने एन. डी. स्टुडिओत पर्यटन चालवावं, चित्रीकरणं आणावीत, हरकत नाही. पण प्लास्टरचे किल्ले डागडुजी करून सेल्फीसाठी उभे ठेवणं म्हणजे जतन नव्हे. ते पडणारच, पडायलाच बांधले होते. टिकवायला हवीत ती स्केचं, मॉडेलं, मापांचे कागद आणि महिरपींचे साचे. त्यांची यादी आधी व्हायला हवी. आणि चौक, कर्जत, खालापूरच्या ज्या घरांतल्या कुणी तिथे सुतारकाम, साचेकाम, रंगकाम केलं असेल, त्यांना एक विनंती: त्या दिवसांचे फोटो, हिशेबाच्या वह्या, एखादा उरलेला साचा घरात असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. मागे नाव, साल आणि सिनेमा लिहून ठेवा.